पाहणीच्या दिवशी

मुसी नदीचं पाणी ओसरून आठ दिवस झाले, तरी गवत काही उभं राहिलं नव्हतं. पुरानं सगळं आडवं केलेलं, वर काळा गाळ बसलेला, आणि गाळात शहराचं काय काय अडकलेलं: चिंध्या, पिशव्या, कुणाची तरी एका पायाची चप्पल. इंदुताई घोट्याएवढ्या चिखलात वाकून विळा चालवत होती. मूठ धरायची, कापायची, पाण्यात खळबळायची, मागं टाकायची. एरवी तासाभरात भारा व्हायचा. आज दोन तास झाले तरी निम्मासुद्धा झाला नव्हता. वर या पाण्याची खाज. अंबरपेठेत म्हशी पाळणाऱ्या घरातल्या एकूण एक बाईला ती ठाऊक आहे. खोबरेल चोळा नाहीतर लिंबाचा पाला लावा, ती आपल्या मनानं येते आणि आपल्या मनानं जाते.

“वहिनी, आज लई घाई दिसतीय?” शेजारच्या तुकड्यातून कुसुमताईनं विचारलं.

“शुक्रवार न्हाई का! अकराला येती ती.”

“आमच्याकडं बारा वाजता.” कुसुमताई कंबर धरून उभी राहिली. “काल प्रशांतनं पायाचा अंगठा हलवला बघा. पोरं नाचायला लागली. म्हटलं, नाचू नका रे, दृष्ट लागंल.”

“लागायची न्हाई. तरणं अंग हाय. चालंल बघ दिवाळीपतूर.”

इंदुताई हे मनापासून बोलली. कुसुमताईचं घर तिच्या घरापासून तिसरं. तिचा मुलगा प्रशांत दुधाच्या कॅनांचा टेम्पो चालवायचा. आठ महिन्यांपूर्वी उप्पलच्या वळणावर टेम्पो उलटला, आणि चौतीस वर्षांचं पोरगं कमरेखाली लुळं होऊन बाजेवर आलं. बायको, दोन लेकरं, सगळा भार म्हातारीवर. तेव्हापासून दोघी रोज बरोबरच गवताला यायच्या. एकीचा भारा दुसरी उचलून द्यायची. सांगण्यासारखी दुःखं सारखी असली की फार सांगावं लागत नाही.

इंदुताईचे यजमान एकनाथराव पडले त्याला दोन वर्षं झाली होती. पडले तेसुद्धा म्हशीखाली, धार काढता काढता. चरवी लवंडली, दूध सांडलं, म्हैस बिचकून बाजूला झाली म्हणून चेंगरले नाहीत एवढंच. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ गेली. राहिलं काय, तर ‘हां’ आणि ‘अं’. कासेला नुसता हात लावून किती लिटर निघेल ते सांगणारा माणूस. उदगीरकडचं गाव सोडून दोन म्हशी घेऊन या शहरात आला, तेव्हा इथल्या मुरलेल्या दलालांना त्यानं गप्प केलं होतं. सकाळी नदीवर जाताना तो नेहमी चार पावलं पुढं असायचा, आणि मागं न बघताच ओरडायचा, “इंदे, पाय उचल, सूर्य वर आला!” तेव्हा तिला त्याचा राग यायचा. आता भारा डोक्यावर घेऊन बांधावरून एकटी येताना तिचे डोळे पुढच्या रिकाम्या वाटेवरच असायचे. माणूस घरात होता, रोज दिसत होता, रोज तिच्या हातानं जेवत होता, आणि तरी तिला त्याची आठवण यायची. कुणाला सांगितलं असतं तर हसलं असतं.

घरी आली तेव्हा सुनेनं, त्रिवेणीनं, त्यांना पुसून, धुतलेली बंडी घालून बसवलं होतं. मुलगा शिवराज पहाटेच कुकटपल्लीला कारखान्यात गेलेला. अकराला पाच मिनिटं कमी असताना गल्लीत स्कूटी थांबली, तशी एकनाथरावांची मान दाराकडं वळली आणि डावा हात बाजेच्या काठावर गेला.

“काका, रेडी?”

ही प्रियदर्शिनी. जामबाग भागातल्या एका मास्तरांच्या घरातली पोरगी, घरोघरी व्यायाम करवणाऱ्या धर्मादाय केंद्रातून यायची. गल्लीत तिला सगळे ‘व्यायामवाली मॅडम’ म्हणत. तिचं मराठी निम्मं हिंदीत जाई, निम्मं इंग्रजीत, पण हात मात्र कसे, तर वासराला पान्ह्याला लावणाऱ्या बाईसारखे मऊ आणि खंबीर. ती समोर उभी राहायची, दोन्ही हात पुढं करायची आणि म्हणायची, “उठा काका, मी आहे ना.” आणि ते उठायचे. गेल्या आषाढात नुसते उभे राहिले होते. मग एक पाऊल. मग तीन.

त्या शुक्रवारी सहा टाकली. बाजेपासून गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत. सहाव्या पावलाला चंद्री म्हशीनं मान लांब करून त्यांच्या डाव्या हाताला नाक लावलं, आणि एकनाथराव रडायला लागले. त्रिवेणी रडली. इंदुताई तेवढी रडली नाही, ती म्हशीला म्हणाली, “बघ गं, आला तुझा मालक.” आणि मग चुलीशी जाऊन चहा ठेवता ठेवता रडली.

चहा पिताना प्रियदर्शिनी नेहमीसारखी बोलेना.

“काकू, एक सांगायचं होतं. आमच्याकडं आम्ही दोघी होतो ना? दुसरी सोडून गेली. नवीन कोणी मिळत नाही, पैसा पण नाही. अठरा घरं आहेत. मी एकटी फक्त नऊ घरं करू शकते.”

“मग?”

“मग डॉक्टरसाहेब येतील सगळ्यांकडं. पाहणी करायला. पेशंट बघून ठरवतील कोणाला चालू ठेवायचं. पुढच्या सोमवारी, दहा दिवसांनी. तोवर माझ्या व्हिजिट बंद. मला पण त्यांच्याबरोबर कागद भरायचेत.”

ती उठली आणि घाईघाईनं गेली, कारण बारा वाजता प्रशांतकडं पोचायचं होतं. कसं बघतील, काय बघतील, हे तिनं सांगितलं नाही आणि इंदुताईनं विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? पाहणी म्हणजे काय ते इंदुताईला पाठ होतं.

गावाकडं एका साली गारपीट झाली होती. तलाठी पंचनाम्याला आला. शेजारच्या रानाचा मालक सरळ मनाचा, त्यानं तलाठ्याला खाट टाकली, चहा दिला, आणि हौसेनं जे दोन वाफे वाचले होते तेच दाखवले. मिळालं काय, तर ठेंगा. एकनाथरावांनी तलाठ्याला बांधाबांधानं नेऊन सगळ्यात झोडपलेला कोपरा दाखवला, तेही फाटकी बंडी घालून. त्यांना मिळालं. तेव्हापासून घरात म्हणच झाली होती की पंचनाम्याला हिरवं रान दाखवू नये.

“चालणं दाखवायचं न्हाई,” तिनं त्रिवेणीला सांगितलं.

“अवो आत्याबाई, उलट दाखवायला पाहिजे. बघा म्हणावं, किती फरक पडला.”

“खुळी का काय तू? चालतोय म्हटल्यावर म्हणतील, हा झाला बरा, आता दुसऱ्याला द्या. ज्याचं जास्ती गेलंय त्यालाच देत्यात. सरकार असू दे न्हाईतर धर्मादाय, रीत एकच.”

त्रिवेणीला ते पटलं नव्हतं. सासूच्या पुढं बोलायची तिची रीत नव्हती, आणि म्हशी ओरडायला लागल्या होत्या.

नुसतं पाहणीच्या दिवशी सोंग घ्यायचं, तर एकनाथरावांना आता उठायची सवय लागलेली. डॉक्टरानं ‘उठा’ म्हटलं की उठतील, अशी तिला धास्ती. म्हणून तिनं आधीपासूनच तालीम धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजेच्या काठाला हात लावून उठायला लागले, तशी ती धावली.

“न्हाई. आता उठायचं न्हाई. ऐका माझं. पाहणी हाय.”

“अं?”

“पंचनामा हो! तुम्हीच न्हाई का म्हणायचा? हिरवं रान दाखवायचं न्हाई. पडून ऱ्हायचं. दहाच दिवस. मग ती येती पुन्यांदा, मंगळवारी न् शुक्रवारी, जन्मभर येऊ दे.”

‘पंचनामा’ शब्दावर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्यांना कळलं. “हां,” म्हणाले आणि पडून राहिले. तिला बरं वाटलं. किती दिवसांनी नवराबायकोनं मिळून काहीतरी शिजवलं होतं!

पण अंगाला कुठं पंचनामा कळतो? चौथ्या दिवशी दुपारी ती गवत घेऊन आली तर एकनाथराव पाय खाली सोडून बसलेले. गोठ्यात चंद्री व्यायला झाली होती, त्रिवेणीची पळापळ चाललेली, आणि हा माणूस काठाला धरून उठायच्या बेतात. इंदुताईनं भारा तिथंच टाकला आणि त्यांच्या दोन्ही खांद्यांना धरून मागं रेटलं. जरा जोरातच रेटलं. उशीवर डोकं आपटलं.

“कितींदा सांगायचं? कुणी बघितलं म्हंजे? गल्लीत काय डोळे कमी हायत?”

ते वर बघत राहिले. आत रेडकू पडलं, त्रिवेणी “रेडी झाली, रेडी!” म्हणून ओरडली, आणि इंदुताईनं खांद्यावरचे हात काढले. तिला लाज वाटली. तिनं त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “सहाच दिवस ऱ्हायले.” त्यानंतर ते उठायला गेले नाहीत.

सोमवारी तिनं सगळं जुळवून आणलं. दाढी केली नाही, जुनी गोधडी पसरली, चहाचा कपसुद्धा टवका उडालेला काढला. डॉक्टर वयानं बरेच मोठे, तेलुगू बोलणारे, आवाज शांत. “नमस्कारम् अम्मा,” म्हणाले आणि चप्पल दाराबाहेर काढून आत आले. त्या चपलेनंच खरं तर तिला जरा हलवलं होतं.

“काका, हात वर,” प्रियदर्शिनी म्हणाली.

एकनाथरावांनी इंदुताईकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. त्यांनी हात उचलला नाही.

“काका, उठू या? मी आहे ना.” तिनं दोन्ही हात पुढं केले.

पुन्हा त्यांनी इंदुताईकडं बघितलं. प्रियदर्शिनीचे हात तसेच पुढं राहिले, आणि मग हळूहळू खाली आले.

“पण काकू, त्या शुक्रवारी तर काका सहा स्टेप्स...”

“देव जाणे बाई, त्या दिवशी कसं काय झालं ते. दुसऱ्या दिवसापास्नं गळालेच.”

डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला, काहीतरी लिहिलं, एकनाथरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले. प्रियदर्शिनी दारात घुटमळली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते इंदुताईला वाचता आलं नाही, किंवा वाचायचं नव्हतं.

रविवारी दूध सोसायटीच्या खोलीत बैठक बसली. केंद्राचा आग्रह असा की यादी दारावर चिकटवून मोकळं व्हायचं नाही, घरच्यांसमोर वाचायची, कुणाचं काही म्हणणं असलं तर ऐकायचं. अठरा घरांतली माणसं सतरंजीवर बसली. सोसायटीचे अध्यक्ष हणमंतराव खुर्चीवर. इंदुताई आणि कुसुमताई शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून.

डॉक्टर तेलुगूत बोलले, प्रियदर्शिनीनं मराठीत सांगितलं. नऊच घरं होतील. आठवड्यातून दोनदा गेलं तरच अंग शिकतं.

“मग आठवड्यातून एकदा जा की सगळ्यांकडं,” हणमंतराव म्हणाले. “सारखं वाटा. कुणाचं मन दुखायला नको.”

“एकदा गेलं तर कोणालाच गुण येत नाही,” प्रियदर्शिनी म्हणाली. “अठरा जण तसेच राहतात. आम्ही करून पाहिलंय, हणमंतकाका.”

इंदुताईला ते पटलं. पाणी थोडं असताना सगळ्या रानाला शिंपडलं तर एकही वाफा पिकत नाही, हे शेतकऱ्याच्या पोरीला कुणी सांगायला नको.

“म्हणून असं ठरवलंय,” प्रियदर्शिनी कागद बघत पुढं म्हणाली. “सात घरं अशी, जिथं पेशंटला गुण येतोय. सहा महिन्यांपूर्वी काय येत होतं, आज काय येतं, ते बघून. ज्याच्यात फरक दिसतो तो वर. आणि दोन घरं अशी, जिथं पेशंटला बघायला दुसरं कोणीच नाही. गुण येवो न येवो.”

मागून एक म्हातारा म्हणाला, “म्हंजे ज्याचं जास्ती गेलंय, त्याला काईच न्हाई? हे कसलं धर्मादाय?”

“काका, ज्याचं जास्त गेलंय त्याला मला पण द्यायचंय. पण माझे दोनच हात आहेत हो.” हे बोलताना पोरीला भरून आलं.

सहा महिन्यांपूर्वी काय येत होतं, आज काय येतं. इंदुताईच्या डोक्यात ती दोन वाक्यं घुमायला लागली. यादी वाचली गेली. सातवं नाव प्रशांतचं. कुसुमताईनं तिचा हात घट्ट दाबला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. एकनाथरावांचं नाव चौदावं. समोर लिहिलेलं: सहा महिन्यांत फरक नाही.

इंदुताई उभी राहिली. पदर डोक्यावर ओढला. अठरा घरांसमोर ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

“माझा मालक चालतो,” ती म्हणाली.

“काय?” हणमंतराव पुढं झुकले.

“सहा पावलं चालतो. गोठ्यापतूर. मी लपिवलं. मला वाटलं... पंचनाम्यासारखं असंल. ज्याचं नुकसान जास्ती, त्याला आधी. म्हणून मीच त्यास्नी पडून ऱ्हायला सांगितलं.”

कुणीतरी हसलं. मग आणखी दोघंतिघं. “अरे वा, नवऱ्याचा पंचनामा!” मागचा एक जण म्हणाला, आणि हशा पिकला. इंदुताईचे कान तापले, पण ती खाली बसली नाही.

“आता नाव गेलं म्हणून चालाय लागला व्हय?” हा आवाज शेजारून आला. कुसुमताईचा. तिनं हात काढून घेतला होता. “वहिनी, तुमचं वर गेलं तर कुणाचं खाली येतंय, ते दिसतंय ना? सातवं कुणाचं हाय? माझ्या लेकराचं. त्याची दोन पोरं अजून साळंत हायत.”

“मी तुझ्या लेकराचं मागत न्हाई गं.”

“मग कुणाचं मागताव?”

मागायचं म्हणजे कुणाचं तरी मागायचं होतंच. इंदुताईला ते त्याच क्षणी कळलं, आणि कळूनही तिनं मागणं सोडलं नाही. तिला तिचा नवरा हवा होता, पुढं चालणारा, ओरडणारा. त्यापुढं तिला प्रशांतची पोरं दिसत होती आणि दिसत नव्हती. “एकदा बघा,” ती डॉक्टरांकडं वळून म्हणाली. “एकदा पुन्हा येऊन बघा, साहेब. मग जे असंल ते असंल.”

“काकू खरं सांगतायत,” प्रियदर्शिनी म्हणाली. “मी स्वतः पाहिलंय.” डॉक्टरांनी थोडा विचार केला. मंगळवारी येतो, म्हणाले.

सोमवारी दिवसभर इंदुताईनं एकनाथरावांना उठवायचा प्रयत्न केला नाही. ताकद राखून ठेवू दे, असा तिचा हिशेब. तेल लावून पाय रगडले, शिरा करून भरवला. मंगळवारी सकाळी दाढी केली, धोतर नेसवलं, चांगली बंडी घातली. “आज चालायचं हं,” ती सारखं सांगत होती. “आज हिरवं रान दाखवायचं. सगळं दाखवायचं.” ते तिच्याकडं बघायचे, “हां” म्हणायचे.

डॉक्टर आले, प्रियदर्शिनी आली. शिवराज रजा टाकून थांबला होता. आणि दाराच्या बाहेर, उन्हात, कुसुमताई उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा म्हटलं नाही. ती आपली चौकट धरून आत बघत राहिली.

“उठा काका, मी आहे ना.”

एकनाथरावांनी डावा हात तिच्या हातात दिला. उठले. थरथरले, पण उठले. डावा पाय पुढं टाकला. मग उजवा उचलायला गेले, आणि तो उचलेचना. गुडघा ताठ, टाच वर, पाऊल लाकडासारखं जमिनीला घासत राहिलं. त्यांनी जोर लावला. तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा वर आल्या. पुन्हा जोर लावला, आणि गुडघा एकदम दुमडला. प्रियदर्शिनीच्या हातातून निसटून ते गुडघ्यावर आले, तिथून कुशीवर.

“मामंजी!” त्रिवेणी ओरडली.

सगळ्यांच्या आधी पोचली ती कुसुमताई. चपलेसकट आत आली, काखेत हात घालून तिनं त्यांना वर ओढलं, दुसऱ्या बाजूनं शिवराजनं. बाजेवर बसवल्यावर तिनं त्यांचं धोतर नीट केलं आणि मग भिंतीकडं तोंड करून हुंदका दिला. इंदुताईला माहीत होतं, कुसुमताई दारात उभी राहून देवाकडं काय मागत होती. तिनंही तिच्या जागी तेच मागितलं असतं. पण मागितलेलं असं डोळ्यांसमोर पडलं की कुणालाही सोसत नाही.

आणखी एकदा करून बघितलं. दुसऱ्यांदा ते उठलेसुद्धा नाहीत.

“किती दिवस झोपून होते?” डॉक्टरांनी विचारलं.

“अठरा,” इंदुताई म्हणाली. पाहणीनंतरही तिनं त्यांना उठू दिलं नव्हतं. यादी लागेपर्यंत कुणी बघायला नको, म्हणून.

डॉक्टर तेलुगूत हळू काहीतरी बोलले. प्रियदर्शिनी म्हणाली, “अशा पेशंटला अठरा दिवस फार होतात, काकू. अंग आखडतं. शिकलेलं जातं. परत येऊ शकतं, पण पहिल्यापासून सुरू करावं लागेल. आणि येईल की नाही, ते सांगता येत नाही.”

“मग करा की पहिल्यापासून सुरू.”

पोरीनं खाली बघितलं. कागदावर चौदावं नाव चौदावंच राहिलं. कुणावर ओरडावं तर तसं कुणी नव्हतं. डॉक्टर चप्पल बाहेर काढून येणारे, पोरगी रडकुंडीला आलेली, शेजारीण पडलेल्याला उचलणारी. सगळी चांगली माणसं. इंदुताईला वाटलं, एखादा तरी हरामखोर असता तर बरं झालं असतं.

जाता जाता प्रियदर्शिनीनं त्रिवेणीला चार व्यायाम दाखवले, कागदावर चित्रं काढून दिली. “रोज दोनदा. कोणीतरी समोर उभं राहून, हात द्यायचा. त्यांनी विश्वासानं उठलं पाहिजे. ओढायचं नाही.”

शुक्रवारी इंदुताई नदीवर गेली. गवताला नवी हिरवी बोटं फुटली होती. कुसुमताई पलीकडच्या तुकड्यात होती. बराच वेळ दोघींचे विळे नुसतेच चालले. शेवटी भारा बांधून झाल्यावर कुसुमताई आली, भाऱ्याखाली हात घातला, आणि इंदुताईनं डोकं पुढं केलं.

“अकराची वेळ आता आम्हाला दिलीय,” कुसुमताई म्हणाली. सांगितल्याशिवाय तिला राहवेना.

“जा मग बिगीबिगी,” इंदुताई म्हणाली. “त्याला पुसून घ्यायला पाहिजे.”

घरी आली तर अकरा वाजत आले होते. भारा गोठ्यात टाकून ती हात धूत होती, तेवढ्यात गल्लीत स्कूटी आली. एकनाथरावांची मान दाराकडं वळली. डावा हात बाजेच्या काठावर गेला. स्कूटी दारावरून पुढं गेली, तीन घरं पुढं जाऊन थांबली. प्रशांतच्या पोरांचा आरडाओरडा ऐकू आला. ते दाराकडंच बघत राहिले. येईल, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

इंदुताईनं ओले हात पदराला पुसले. त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, पोरगी उभी राहायची तशी. दोन्ही हात पुढं केले.

“उठा,” ती म्हणाली. “मी हाय न्हवं.”

एकनाथरावांनी काठावरचा हात जरासा उचलला. मग तो तसाच अधांतरी धरून त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. डॉक्टरांसमोर बघितलं होतं तसंच, अगदी तसंच. उठायचं म्हणजे उठायचं, की उठायचं म्हणजे पडून राहायचं, हे ते तिच्या चेहऱ्यावरून ताडून बघत होते. खात्री पटेना. त्यांनी हात पुन्हा काठावर ठेवला, आणि शहाण्यासारखे, तिला आवडेल असे, आडवे व्हायला लागले.

“न्हाई हो,” इंदुताई म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. “कुणीसुदिक बघायला न्हाई आज. आज खरंच उठायचंय.”